स्वरांना किंमत असणारा खेळ : १९८७ चा ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’

ज्या अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमावर हा खेळ बेतलेला आहे, तो कार्यक्रम पाहण्याच्या कितीतरी वर्षे आधी मी हा खेळ खेळलो. १९९३ साली आमच्या तालुक्याच्या गावी एक संगणक वर्ग सुरू झाला होता. चपला बाहेर काढायच्या, यंत्रावरचे प्लॅस्टिकचे आवरण घडी घालून बाजूला ठेवायचे, तासभर डॉस या त्या काळच्या संगणक-प्रणालीच्या आज्ञा गिरवायच्या आणि सर खुशीत असले, तर शेवटची दहा मिनिटे खेळायला मिळायची. सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हमध्ये सरकवून खिट्टी फिरवली, की आतून खरखर ऐकू येई आणि पडद्यावर अक्षरांची रिकामी घरे मांडली जात. त्या घरांमागे कोणता वाक्प्रचार दडला आहे हे ओळखायचे, एवढेच आम्हाला कळले होते. पडद्यावर फिरणारे हे चाक मुळात कोणाचे, ते अमेरिकेत रोज संध्याकाळी लाखो घरांत फिरते, यातले काहीही आम्हाला ठाऊक नव्हते. गेल्या महिन्यात, जुने डॉस खेळ नव्या संगणकावर चालवणाऱ्या डॉसबॉक्स या मोफत प्रणालीवर तोच खेळ मी पुन्हा सुरू केला आणि महिनाभर जवळजवळ रोज खेळलो. हे परीक्षण त्या महिनाभराच्या खेळण्यावर आणि थोडेसे त्या दहा मिनिटांच्या आठवणींवर आधारलेले आहे.

प्रथम मूळ कार्यक्रमाविषयी सांगतो, कारण या खेळाचे गुणदोष तिथूनच येतात. मर्व ग्रिफिन हे अमेरिकेतील गायक, सूत्रसंचालक आणि निर्माते. लहानपणी मोटारीच्या लांबच्या प्रवासात बहिणीबरोबर ते ‘हँगमन’ खेळत. एकाने मनात शब्द धरायचा, त्याच्या अक्षरांइतक्या रेघा कागदावर ओढायच्या आणि दुसऱ्याने एकेक अक्षर विचारत तो शब्द शोधायचा. या घरगुती खेळाला ग्रिफिन यांनी जत्रेत असते तसे फिरते चाक जोडले आणि ६ जानेवारी १९७५ रोजी एनबीसी वाहिनीवर ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’ सुरू झाला. त्याआधी १९६४ मध्ये ‘जेपर्डी’ हा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रमही त्यांनीच आणला होता. पॅट सेजॅक यांनी १९८१ च्या अखेरीस सूत्रसंचालन हाती घेतले, पुढच्या वर्षी फलकावरची अक्षरे फिरवायला व्हॅना व्हाइट आल्या आणि १९८३ पासून संध्याकाळची आवृत्ती देशभर दिसू लागल्यावर या कार्यक्रमाची लोकप्रियता फार मोठी झाली. त्या लाटेवर १९८७ मध्ये गेमटेक या कंपनीने हा संगणक-खेळ बाजारात आणला. शेअरडेटा या कंपनीने तो ॲपल टू, कमोडोर ६४ आणि डॉसवर चालणाऱ्या संगणकांसाठी तयार केला होता. मी खेळलो ती डॉस आवृत्ती.

नियम थोडक्यात असे आहेत. फलकावर रिकामी घरे दिसतात आणि कोडे व्यक्तीचे आहे, ठिकाणाचे आहे, वस्तूचे आहे की एखाद्या वाक्प्रचाराचे, एवढे सांगितलेले असते. ज्याची पाळी असेल त्याने चाक फिरवायचे. चाक एखाद्या रकमेवर थांबले, तर एक व्यंजन सांगायचे आणि ते व्यंजन कोड्यात जितक्या वेळा असेल तितक्या पट ती रक्कम खात्यावर जमा होते. व्यंजन नसेल तर पाळी जाते. चाक ‘बँकरप्ट’वर थांबले, तर त्या फेरीत मिळवलेले सगळे पैसे बुडतात. स्वर मात्र चाक फिरवून मिळत नाहीत. ते अडीचशे डॉलर मोजून विकत घ्यावे लागतात आणि तो स्वर कोड्यात एकदाच असो वा पाच वेळा, किंमत तीच. ज्याला कोडे उमगेल त्याने आपल्या पाळीत पूर्ण उत्तर द्यायचे. फेरीची कमाई फक्त कोडे सोडवणाऱ्याच्या पदरात पडते. दुसऱ्याने कितीही कमावलेले असले, तरी त्याच्या हाती काही राहत नाही.

या नियमांत एकही नियम सुटा नाही आणि संगणकावर आणताना यातला एकही नियम पातळ केलेला नाही, हे मी या खेळाचे सर्वांत मोठे यश मानतो. दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमाचा खेळ करताना झगमगाट उचलायचा आणि आतली ओढाताण विसरायची, ही चूक सहज होते. इथे झगमगाट आणण्याची सोयच नव्हती. त्या काळच्या सीजीए पद्धतीच्या चित्रात पडद्यावर एका वेळी चारच रंग दिसत, आवाजासाठी संगणकाच्या पोटातला एक छोटासा स्पीकर होता आणि तो पिंपिं करण्यापलीकडे फारसे काही करू शकत नसे. खऱ्या कार्यक्रमातले चाक टनभर वजनाचे आहे. ते फिरवताना स्पर्धकाचा खांदा कामाला लागतो आणि शेवटच्या दोन घरांपाशी ते रेंगाळू लागले, की प्रेक्षकांचा श्वास अडकतो. कळफलकावरच्या कळीला यातले काही कळत नाही. तरीसुद्धा हजार-बाराशे डॉलर जमलेले असताना चाक ‘बँकरप्ट’च्या शेजारी मंदावू लागले, की आजही माझा हात कळीवरून नकळत उचलला जातो. चार रंगांत आणि एका पिंपिंमध्ये हे साधले आहे, कारण भीती चित्रात नाही, नियमात आहे.

आता स्वरांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते या खेळाचा जीव स्वरांच्या किमतीत आहे.

आपल्याकडे शाळेत वहीच्या मागच्या पानावर ‘बॉलिवूड’ किंवा ‘हॉलिवूड’ नावाचा खेळ खेळला जातो. बाई फळ्याकडे वळल्या, की मागच्या बाकावर सिनेमाचे नाव इंग्रजी लिपीत मांडले जाते. त्यातले स्वर आधीच लिहून दिलेले असतात, व्यंजनांच्या जागी रेघा असतात आणि अक्षर चुकले की ‘बॉलिवूड’च्या नऊ अक्षरांतले एकेक अक्षर खोडले जाते. म्हणजे आपल्या खेळात स्वर फुकट आणि ग्रिफिन यांच्या खेळात स्वरांना किंमत. दोन्ही खेळ ‘हँगमन’च्याच कुळातले, पण या एका फरकाने दोघांचा स्वभाव पूर्ण बदलतो. कारण इंग्रजी लिपीत शब्दाची ओळख मुख्यतः व्यंजनांत असते. ‘के, एल, एच, पी, आर’ ही पाच अक्षरे क्रमाने दिली, तर आपल्यापैकी कोणीही कोल्हापूर म्हणेल. त्याच नावातले ‘ओ, ए, यू’ एवढेच दिले, तर कोणालाही काही सांगता येणार नाही. फुकट मिळणारे स्वर शब्द उघड करत नाहीत, फक्त त्याचा ठेका ऐकवतात. म्हणून ‘बॉलिवूड’ हा ठेक्यावरून सिनेमा ओळखण्याचा खेळ होतो. ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’मध्ये व्यंजने मिळवत गेले, की शब्द हळूहळू दिसू लागतो आणि मग प्रश्न उरतो तो एवढाच, की मला जो शब्द दिसतो आहे तोच तो आहे का? व्यंजनांनी शब्द कळतो आणि स्वरांनी खात्री होते. खात्रीची किंमत अडीचशे डॉलर.

या व्यवहाराला आणखी एक पदर आहे आणि तो लक्षात यायला मला बराच वेळ लागला. स्वर विकत घेताना चाक फिरवावे लागत नाही. त्यामुळे त्या चालीत दिवाळे निघण्याचा धोका नसतो. विकत घेतलेला स्वर कोड्यात असला, तर पाळी आपल्याकडेच राहते आणि फलकावर नवी माहिती येते. शाळकरी वयात अडीचशे डॉलर म्हणजे फार मोठी रक्कम वाटे आणि आम्ही पैसे राखायच्या नादात चाक फिरवत राहायचो. आज खेळताना दिसते, की जमलेली रक्कम मोठी असेल तेव्हा स्वर विकत घेणे ही उधळपट्टी नसून विम्याचा हप्ता आहे. ‘ई’ हे इंग्रजीत सर्वाधिक वेळा येणारे अक्षर. साधारण मजकुरात दर आठ अक्षरांमागे एक ‘ई’ असतो. तो एकच स्वर घेतला, तरी फलकाचा मोठा भाग उजळतो. अशी हिशेबी चाल शिकवणारा आणि तरीही खेळच राहणारा दुसरा शब्दखेळ माझ्या पाहण्यात नाही.

स्वर न घेतल्याने काय होते, याचा मला मिळालेला धडा अजून विसरलेलो नाही. संगणक वर्गातला माझा जोडीदार आणि मी समोरासमोर खेळत होतो. कोडे वाक्प्रचाराचे होते. फलकावर पहिल्या शब्दात ‘पी’, मग दोन रिकामी घरे, मग ‘सी’ आणि शेवटी एक रिकामे घर, पुढे ‘ओ, एफ’ आणि त्यापुढच्या चार घरांत ‘सी’ आणि ‘के’ उघडे पडलेले. ‘पीस ऑफ केक’ हा वाक्प्रचार इंग्रजीच्या तासाला कानावरून गेलेला होता, त्यामुळे मला ते लगेच कळले. माझ्या खात्यावर अठराशेच्या आसपास डॉलर होते. ‘ई’ घ्यायला हवा होता. मी अडीचशे डॉलर वाचवले, उत्तर द्यायची कळ दाबली आणि ‘पी, ई, ए, सी, ई’ असे टाइप केले. मराठी माध्यमातल्या मुलाला ‘पीस’ म्हणजे ‘शांतता’ हे नागरिकशास्त्रामुळे पाठ होते. ‘तुकडा’ या अर्थाच्या ‘पीस’मध्ये ‘आय’ आणि ‘ई’ येतात, हे उच्चारावरून कळायला काही मार्ग नव्हता. दोन्ही शब्द पाच अक्षरांचे, दोन्हींत पहिले अक्षर ‘पी’ आणि चौथे ‘सी’. माझी पाळी गेली, जोडीदाराने शांतपणे ‘ई’ विकत घेतला, पहिल्या शब्दातला ‘ई’ तिसऱ्या घरात उघडला आणि पुढच्या क्षणी कोडे त्याचे झाले. त्या दिवसानंतर त्या दोन शब्दांत मी कधी घोटाळा केलेला नाही.

हा प्रसंग सांगण्यामागे कारण आहे. दूरचित्रवाणीवर स्पर्धक उत्तर तोंडाने देतो, संगणकावर ते अक्षर न् अक्षर टाइप करावे लागते. वरवर पाहता ही केवळ सोय आहे, कारण १९८७ च्या घरगुती संगणकाला बोलणे समजणे शक्य नव्हते. पण त्यामुळे परीक्षेचा विषयच बदलतो. कार्यक्रमात उच्चार तपासला जातो, संगणकावर स्पेलिंग. कार्यक्रमातला उच्चाराचा नियम किती कडक आहे, याचे एक उदाहरण २०१४ साली घडले. फलकावर सगळी अक्षरे उघडी होती, फक्त वाचून दाखवायचे होते आणि स्पर्धक विद्यार्थ्याने ‘अकिलीस’ या ग्रीक वीराच्या नावात ‘क’ऐवजी ‘च’ उच्चारला. उत्तर बाद झाले. लिहिल्याप्रमाणे वाचण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट फार जवळची वाटते, कारण इंग्रजीच्या वर्गात आपण सगळेच कधी ना कधी अशा जागी अडखळलेलो असतो. संगणकावर तोच विद्यार्थी जिंकला असता. उलट, ज्याचा उच्चार उत्तम पण लेखन कच्चे, तो संगणकावर हरेल. मूळ कार्यक्रम बोलणाऱ्यांचा असला, तरी त्याचा हा संगणकावतार वाचणाऱ्यांचा आणि लिहिणाऱ्यांचा झाला आहे, असे मला वाटते. परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्याला त्याचा जास्त उपयोग होतो, तो यामुळेच.

शेवटची बक्षीसफेरी हा खेळाचा आणखी एक मोलाचा भाग आहे, कारण त्यात कार्यक्रमाचा एक बदललेला नियम जपून राहिला आहे. त्या काळी विजेत्याने पाच व्यंजने आणि एक स्वर निवडायचा, फलकावर त्यातली असतील तेवढी अक्षरे उघडायची आणि मोजक्या वेळात कोडे सोडवायचे, अशी पद्धत होती. झाले असे, की जवळजवळ प्रत्येक स्पर्धक ‘आर, एस, टी, एल, एन’ ही व्यंजने आणि ‘ई’ हा स्वर मागू लागला, कारण इंग्रजीत ही अक्षरे सतत येतात हे सगळ्यांना उमगले होते. म्हणून १९८८ मध्ये कार्यक्रमाने ही सहा अक्षरे सर्वांना आधीच देऊन टाकली आणि स्पर्धकाने आणखी तीन व्यंजने व एक स्वर निवडावा, असा नवा नियम केला. आजही तोच चालू आहे. १९८७ चा खेळ त्या बदलाच्या एक वर्ष आधीचा, त्यामुळे इथे सहाही अक्षरे खेळणाऱ्यालाच निवडावी लागतात. नव्या पद्धतीची सवय असलेल्याला हे जुनाट वाटेल, पण मला हीच पद्धत अधिक आवडते. कोणती अक्षरे जास्त उपयोगी, हे खेळणाऱ्याने स्वतः शोधून काढण्यात जो आनंद आहे, तो ती आयती हातात दिल्यावर राहत नाही. आम्ही संगणक वर्गात वहीच्या पानावर आडव्या रेघा मारून कोणते अक्षर किती कोड्यांत आले याची नोंद ठेवली होती आणि दोन आठवड्यांत ‘टी’, ‘एन’, ‘एस’ आणि ‘आर’ यांच्यापुढे रेघांच्या जुड्या झाल्या होत्या. अक्षरांच्या वारंवारतेवर कोणी अभ्यास केलेला आहे, हे आम्हाला माहीत नव्हते. आमच्या वहीत तो आपोआप झाला होता.

आता दोषांकडे वळतो. पहिला दोष कोड्यांच्या साठ्याचा आहे. एका सव्वापाच इंची फ्लॉपीत साधारण साडेतीनशे किलोबाइट मावत आणि त्यातच चित्रे, नियम आणि कोडी सगळे बसवायचे होते. रोज खेळणाऱ्याला काही आठवड्यांत आधी भेटलेली कोडी पुन्हा भेटू लागतात आणि असे कोडे पुढे आले, की पहिल्या दोन अक्षरांतच उत्तर ओठांवर येते. स्मरणशक्तीने जिंकलेल्या फेरीत समाधान नसते. कंपनीने पुढे नव्या कोड्यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्त्या काढल्या, त्यामागे हेच कारण असावे. ज्यांना खेळ आवडेल त्यांनी पुढे त्या आवृत्त्यांकडे वळावे.

दुसरा दोष संगणक प्रतिस्पर्धी असतानाचा. एकट्याने खेळण्याची सोय आहे, पण संगणकाला लोभ नाही आणि धास्तीही नाही. समोरच्या माणसाने चाक आणखी एकदा फिरवावे की थांबावे, या विचारात कळफलकावर बोट फिरवत राहणे, त्याच्या चेहऱ्यावरून त्याला कोडे कळले आहे की नाही हे ओळखणे, त्याला कळले नसेल तर आपण आणखी दोन व्यंजने काढून रक्कम वाढवण्याचे धाडस करणे, या सगळ्यावर हा खेळ उभा आहे. यंत्रापुढे यातले काहीच उरत नाही. एकट्याने खेळणाऱ्याने हा खेळ अर्धा समजावा. दोघे किंवा तिघे एका कळफलकाभोवती बसले, तर मात्र त्याला तोड नाही.

तिसरी गोष्ट दोष म्हणावी की नाही, याबद्दल माझे मत नक्की झालेले नाही. कोडी अमेरिकन माणसासाठी रचलेली आहेत. तिथले वाक्प्रचार, तिथली स्थळे, १९८० च्या दशकात तिथे घरोघरी ठाऊक असलेली नावे. मराठी माध्यमात शिकलेल्या आम्हा मुलांना यातले निम्मे ओळखीचे नव्हते. तरीही आम्ही कोडी सोडवत होतो, कारण पुरेशी अक्षरे उघडली की अर्थ न कळताही शब्द पुरा करता येतो आणि मग त्या अनोळखी वाक्प्रचाराचा अर्थ शोधायला सरांच्या टेबलावरचा शब्दकोश उघडला जाई. मला इंग्रजी वाक्प्रचारांची गोडी तिथे लागली. पण ज्याला पहिल्या दहा कोड्यांतच ओळखीचे काही हवे आहे, त्याला हा खेळ परका वाटेल, हे मान्य केले पाहिजे.

अक्षरे उघडण्याची संथ गती ही चौथी तक्रार होऊ शकेल, माझी ती नाही. फलकाशी उभी असलेली छोटीशी आकृती अक्षर फिरवते आणि त्यात थोडा वेळ जातो. खऱ्या कार्यक्रमात त्या वेळी चार ओळींचा, अठ्ठेचाळीस घरांचा फलक होता. प्रत्येक घरात तीन बाजूंचा फिरता ठोकळा असे आणि व्हॅना व्हाइट तो हाताने फिरवत. १९९७ मध्ये तो फलक जाऊन इलेक्ट्रॉनिक पडद्यांचा फलक आला. त्यानंतर अक्षराला नुसता स्पर्श पुरेसा झाला. हाताने फिरवण्याचा तो अवधी या खेळात टिकून आहे आणि त्या अवधीतच खेळणाऱ्याच्या डोक्यात पुढचे अक्षर शिजत असते. नव्या खेळांत अक्षरे क्षणात उघडतात आणि विचाराला मिळणारी ती उसंत नाहीशी होते.

पुढच्या काळात याच नावाचे बरेच खेळ आले. १९८८ मध्ये रेअर या ब्रिटिश कंपनीने निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रासाठी केलेला, १९९२ मध्ये निन्टेन्डोच्याच पुढच्या यंत्रावर आलेला, १९९८ मध्ये हॅस्ब्रो इंटरॅक्टिव्हने सीडीवर आणलेला आणि व्हॅना व्हाइट यांचे चित्रीकरण असलेला, असे ते वाढत गेले. रंग आले, आवाज आले, माणसे आली. चाक आणि स्वरांची किंमत सगळ्यांत आहे, त्यामुळे एकही खेळ वाईट म्हणता येणार नाही. पण मला निवड करायला सांगितले, तर मी चार रंगांचाच निवडेन, कारण त्यात कोड्यापासून लक्ष दुसरीकडे नेणारे काहीच नाही.

आज खेळू इच्छिणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची सूचना. जुन्या डॉस खेळांसाठी डॉसबॉक्स ही प्रणाली विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. नव्या संगणकाचा वेग त्या काळच्या यंत्रापेक्षा फार जास्त असल्याने मी तिच्यात वेग थोडा कमी करून घेतला. तेव्हा कुठे चाकाला जुनी चाल आली. कळफलक इंग्रजी मांडणीवर ठेवावा. आणि शक्य असेल, तर लहान पडद्यावर न खेळता सर्वांना दिसेल असा मोठा पडदा वापरावा.

मी यंदा खेळलो तो माझ्या भाचीबरोबर. ती इंग्रजी माध्यमात नववीत आहे. तिचे स्पेलिंग माझ्यापेक्षा पक्के आहे, पण अमेरिकेतली जुनी नावे तिला ठाऊक नाहीत, म्हणून आमची जोडी बरोबरीची होती. तिने पहिल्याच दिवशी मला “मामा, आधी ‘ई’ घे ना, पैसे काय करणार आहेस राखून?” असे सांगितले, तेव्हा मला तीस वर्षांपूर्वीचा तो पाच अक्षरांचा शब्द आठवला आणि मी तिला ती हकिगत सांगितली. त्यावर तिने विचारले, की हा खेळ मराठीत का नाही?

तेव्हापासून गेले तीन रविवार आम्ही पुठ्ठ्यावर चौकोन आखून तो मराठीत आणण्याचा प्रयत्न करत आहोत आणि इंग्रजीतल्या या नियमांची मुळे किती खोल आहेत, हे आता कुठे कळू लागले आहे. इंग्रजीत स्वर हे स्वतंत्र घरात बसणारे अक्षर आहे, म्हणून ते वेगळे विकता येते. आपल्याकडे स्वर व्यंजनाला लगटून येतो, कधी वर, कधी खाली, कधी आधी, कधी नंतर आणि ‘अ’ तर व्यंजनात असूनही दिसत नाही, तो विकायचा कसा? ‘कोल्हापूर’ची घरे चार धरली तर दुसऱ्या घरात ‘ल्हा’ एकत्र बसते. ‘ल’ विचारला तर ते घर उघडायचे की ‘ह’ मिळेपर्यंत थांबायचे? शिवाय ‘पू’ दीर्घ आहे, त्यासाठी ‘उ’ विकत घेणाऱ्याला तो मिळावा की ‘ऊ’ वेगळा विकावा? सध्या आम्ही असे ठरवले आहे, की मात्रा म्हणजे स्वर, ऱ्हस्व आणि दीर्घ मिळून एकच किंमत, आणि जोडाक्षरातला सापडलेला भाग पेन्सिलीने घराच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचा. ‘महाराष्ट्र’मधल्या ‘ष्ट्र’पाशी आमचे अजून एकमत झालेले नाही. ‘र’ विचारणाऱ्याला तिथल्या ‘र’चेही पैसे मिळाले पाहिजेत असे भाचीचे म्हणणे आहे आणि मी तिच्या बाजूला झुकू लागलो आहे.